गेटाबाहेरचा माणूस

"इथं एक पाहिजे," सुबोध निखाडे म्हणाला आणि त्यानं स्क्रीनवर बोट टेकवलं.

मी खुर्ची ओढत ओढत कूलरच्या झोतात नेली होती. मे महिन्यात चंद्रपूरकडच्या सिमेंट कारखान्यात बसून आकडे तपासायचे म्हणजे डोकं आधीच तापलेलं असतं. मी वैतागून विचारलं, "कुठं एक? काय एक?"

"या रकान्यात. कामावर असताना झालेले मृत्यू."

"शून्य आहे की. निखाडे, अख्ख्या जगाला हा एकच आकडा शून्य हवा असतो. तुला एक कशाला पाहिजे?"

"या वर्षीचं शून्य राहू दे. आधारवर्षाच्या खाली एक पाहिजे."

"का? कोण गेलं होतं?"

"माझा बाप," तो म्हणाला. आवाजात जराही फरक नाही. "नाव नसलं तरी चालेल. नुसता एक."

कूलर घरघरत होता. मी खुर्ची मागं सारली आणि त्याला कँटीनमध्ये चल म्हणाले.

आम्ही दोघं नागपूरला विद्यापीठात शिकत होतो. कंपन्यांचे शाश्वतता अहवाल आणि कार्बनचा हिशेब, असा एका दमात न म्हणता येणारा विषय. माझे बाबा पाहुण्यांना सांगायचे, "आमची रेवती धुराची मुनीम होणार आहे." ते तसं खोटंही नव्हतं. कंपनी किती कोळसा जाळते, किती वीज घेते, तिच्या मालाचे ट्रक किती डिझेल पितात, हे सगळं मोजायचं आणि एका जुन्या वर्षाशी ताडून पाहायचं. त्या जुन्या वर्षाला आधारवर्ष म्हणतात. धूर त्याच्यापेक्षा कमी झाला तर कंपनी शहाणी. त्याच अहवालात कंपनीनं माणसांना कसं वागवलं तेही लिहावं लागतं, आणि तिथंच तो मृत्यूंचा रकाना असतो. शेवटच्या सत्रात प्रत्येक जोडीला एक कारखाना मिळायचा, त्याचा अहवाल तयार करायला. हा कारखाना सुबोधनं मागून घेतला होता, आणि सुबोधला मी मागून घेतलं होतं. सरांना सांगितलं, आमचं दोघांचं जमतं. खरं तर तो माझ्या प्लेटमधले तर्री पोहे न विचारता खायचा आणि मला त्याचा राग यायचा नाही, एवढंच जमत होतं. मी त्याच्या प्रेमात होते. त्याला ते ठाऊक होतं की नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

कँटीनमध्ये चहा समोर ठेवून त्यानं सगळं सांगितलं. बाहेर वारासुद्धा भाजत होता.

"बाबा ट्रान्सपोर्टवाल्याचा ट्रक चालवत. खाणीतून कोळसा इथं आणायचे. तेव्हा गेटाबाहेर गाड्यांची रांग लागायची, पार नाल्याच्या पुलापर्यंत. गाडी सोडून सावलीत जाता येत नाही, नंबर जातो. अशाच एका दुपारी स्टेअरिंगवर डोकं टेकवलं, ते टेकवलंच. ऊन लागलं."

"कंपनी काय म्हणाली?"

"आमच्या गेटाबाहेरचा माणूस, आमचा नाही. ट्रान्सपोर्टवाला म्हणे हार्ट. आणि गाव म्हणालं, पिऊन होता." त्यानं कप बाजूला सारला. "माझा बाप सुपारीसुद्धा खात नव्हता, रेवती. पण ट्रकात मेलेला ड्रायव्हर म्हटला की लोकांना दुसरं काही सुचतच नाही. सख्खा काका तेच बोलतो. माय तेव्हापासून कोणाच्या लग्नाला गेली नाही, कोणाच्या हळदीला गेली नाही."

"आणि हा एक लिहून आला म्हणजे?"

"म्हणजे कंपनी सांगते, हा माणूस आमच्या कामात गेला. छापून सांगते. मी या शिक्षणाला आलो तेच यासाठी. मायला सांगूनच निघालो, की पुस्तक येईल अन् त्यात बाबांचं असेल."

त्या क्षणी मला वाटलं, याच्यासाठी मी काहीही करेन. माणूस प्रेमात असला की अशी वाक्यं मनात फुकट येतात. माझं ते वाक्य पुढं खरं निघालं, पण ते वेगळ्या रीतीनं.

पुढच्या आठवड्यात किन्हीकर सर काम पाहायला आले. सर शिकवताना एक गोष्ट शंभरदा सांगायचे, "आधी कुंपण, मग गुरं." कंपनीची हद्द कुठवर ते आधी ठरवायचं, मग हद्दीच्या आत जे असेल तेवढंच मोजायचं. नाहीतर शेजाऱ्याची गुरंही आपल्या गोठ्यात यायची. सुबोधचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. चष्मा काढून पुसला.

"तुझे वडील ट्रान्सपोर्टरचे नोकर. जागा गेटाबाहेरची. कुंपण दोन्हीकडून आडवं येतं रे."

"अन् रांगेतला धूर, सर? तो कुंपणाच्या आत कसा आला?"

सरांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. कारण या अहवालाची सगळी शान त्या रांगेवरच होती. कंपनीनं मधल्या काळात टोकन सुरू केलं होतं. ट्रकवाल्याला मोबाइलवर वेळ मिळायची आणि त्यानं त्या वेळेलाच यायचं. रांग संपली. रांगेत इंजिनं चालू ठेवून जो धूर निघायचा, तो संपला. हे मोठं नाव कमावण्यासारखं काम होतं. अहवालात त्याला अख्खं रंगीत पान दिलेलं होतं. पण धूर वाचला हे दाखवायचं तर आधी तो किती होता हे दाखवायला हवं. म्हणून आधारवर्षातली ती गेटाबाहेरची रांग, ट्रान्सपोर्टवाल्याच्या गाड्यांसकट, कंपनीनं आपण होऊन हिशेबात घेतली होती.

"मी कंपनीच्या साल्पेकरांशी बोलतो," सर म्हणाले. "पण आशा ठेवू नकोस, बाळा."

सुबोधनं आशा ठेवली. मीही ठेवली.

रांगेचा हिशेब माझ्याकडं होता. प्रत्येक ट्रकमध्ये जीपीएसची डबी असायची. गाडी उभी असून इंजिन किती वेळ चालू राहिलं, ते तिच्यात उमटायचं. त्या जुन्या नोंदी ट्रान्सपोर्टवाल्यानं पाठवल्या होत्या. त्या आधी निवडाव्या लागतात. एखादी डबी बिघडलेली असते, एखादीचा आकडा इतरांपासून फारच लांब जातो. असले वेडेवाकडे आकडे बाजूला काढायचे, हे पहिल्या सत्रातच शिकवतात. तांदळातले खडे काढावेत तशी मी ते काढत बसले होते आणि सुबोध शेजारी विजेची बिलं पाहत होता.

"हे बघ, अजून एक बिघडलेली डबी," मी म्हणाले. "याच्या पुढची गाडी सरकली, मागच्या गाड्या याच्या बाजूनं निघून गेल्या, आणि हा पठ्ठ्या एकाच जागी इंजिन चालू ठेवून बसलाय. दुपारपासून अंधार पडेपर्यंत. इतकं डिझेल कोण जाळतं? काढते हा."

"काढू नको."

"अरे, सरासरी बिघडेल."

"रेवती, काढू नको."

मी वळून पाहिलं. तो स्क्रीनकडं बघत नव्हता. त्यानं तारीख ऐकली नव्हती, गाडीचा नंबर पाहिला नव्हता. तरी त्याला कळलं होतं, आणि त्याचा चेहरा पाहून मलाही कळलं.

"केबिनमध्ये छोटा पंखा होता," तो हळू बोलला. "मीच नेऊन दिला होता. इंजिन चालू असलं तरच फिरायचा. बाकीच्यांना वाटलं, झोपला. बाजूनं गाड्या काढून पुढं नेल्या. कोणी वर चढून पाहिलं नाही."

"आणि इंजिन?"

"चालूच. तू पाहिलं ना आता, कधीपर्यंत ते."

मला रडू आलं. मी त्याच्या हातावर हात ठेवला. इतके महिने ठेवावासा वाटत होता, तो असा ठेवला गेला. त्यानं काढून घेतला नाही.

"ठेव तो आकडा," तो म्हणाला. "तेवढं तरी मोजलं जाऊ दे."

मी तो ठेवला. शेऱ्याच्या जागी लिहिलं, तपासले, नोंद बरोबर आहे.

साल्पेकर साहेब कंपनीच्या पर्यावरण विभागाचे मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, हेच जड जात होतं. आम्हाला रोज त्यांच्या घरून ताकाचा जग यायचा. सर, मी आणि सुबोध त्यांच्या केबिनमध्ये बसलो तेव्हा त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"सर बोलले माझ्याशी. मला वाईट वाटतं, पोरा. मी तेव्हा या प्लांटला नव्हतो."

"साहेब, बाबा गेले त्यानंतर सगळ्या ड्रायव्हरांनी गाड्या आडव्या लावल्या," सुबोध म्हणाला. तो हे पाठ करून आला होता हे मला दिसत होतं. "रांग बंद करा, तवाच कोळसा उतरवू म्हणाले. म्हणून टोकन आलं. म्हणून धूर कमी झाला. त्या रांगेतला धूर तुम्ही आपला म्हणून मोजला. त्यात माझ्या बापाच्या गाडीचाही आहे. मग माणूस कसा आपला नाही?"

साहेबांनी सरांकडं पाहिलं. सरांनी खाली पाहिलं.

"तुला खरं सांगू का?" साहेब म्हणाले. "धूर मोजला तर कंपनी चांगली दिसते. माणूस मोजला तर केस उभी राहते. वरचे लोक हा एक कधीच लिहू देणार नाहीत. मी मागितलं तर उद्या माझी बदली."

"मागून तर पाहा."

"मागितलं, बाळा. परवाच मागितलं." त्यांनी टेबलावरचा कागद उगीच सरळ केला. "एक करता येईल. रांगेच्या पानावर एक ओळ घालतो. 'वाहनचालकांच्या सहकार्याने.' तेवढं माझ्या हातात आहे."

सुबोध उठला. "थँक्यू साहेब," असं म्हणाला आणि बाहेर गेला. मी मागं धावले तर तो गेटाबाहेर, जिथं पूर्वी रांग लागायची त्या रस्त्याच्या कडेला उन्हात उभा होता. रस्ता मोकळा होता. "चल, आत चल, ऊन लागेल," असं तोंडातून निघालं आणि मी जीभ चावली.

अहवाल छापून आला. शून्याखाली शून्य होतं. गुळगुळीत कागद, सगळा इंग्रजीत. रांगेच्या पानावर गेटासमोरच्या रिकाम्या रस्त्याचा मोठा फोटो आणि त्याखाली चालकांच्या सहकार्याची ती ओळ. सुबोधनं एक प्रत घेतली आणि मला म्हणाला, "रविवारी घरी येशील? मायला पुस्तक द्यायचं आहे." मी समजले, त्यानं घरी खरं काय ते सांगितलं असणार, आणि आता सोबतीला कोणी हवं आहे.

त्यानं सांगितलं नव्हतं.

राजुऱ्याच्या पुढचं त्यांचं गाव. घरात पाऊल टाकलं तर ओटीवर सतरंजी अंथरलेली, तिच्यावर माणसं बसलेली. काका, दोन आत्या, शेजारच्या बाया, सुबोधच्या बाबांबरोबर ट्रक चालवणारे दोघं. आतून वडाभाताचा खमंग वास येत होता. सुबोधच्या आईनं, इंदिराबाईंनी, ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मला पाहून त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

"तूच का वं ते रेवती? हा घरी आला का तुह्यंच नाव घेते. बस माय, पंख्याखाली बस."

त्या एका वाक्यानं मी इतकी हरखले की क्षणभर कशाला आलोय तेच विसरले. मग सुबोधकडं पाहिलं. तो पांढरा पडला होता.

"मायं, एवढ्यांले कायले बोलावलं?"

"मंग? ज्याइनं ज्याइनं तोंड वाजवलं त्या सगळ्याइले बोलावलं. ऐकू दे." त्यांनी कोणाकडंही न पाहता सांगितलं, पण काकांनी पाय आखडून घेतले. "वाच बाबू. तुह्या बाबाचं कुठं हाये ते वाच."

सुबोधनं पुस्तक उघडलं. त्यानं तेच रांगेचं पान काढलं. रस्त्याचा फोटो पाहून ट्रकवाल्यांपैकी एक पुटपुटला, "हेच ते ठिकाण." इंदिराबाई जवळ सरकल्या आणि त्यांनी फोटोवर हात ठेवला. सुबोधनं घसा साफ केला.

"'कारखान्याच्या प्रवेशद्वाराबाहेरील रांगेत, कंपनीच्या मालाची वाहतूक करीत असताना, वाहनचालक श्री. मारोतराव गोविंदराव निखाडे यांचे तीव्र उन्हामुळे निधन झाले. कंपनीला याचे दुःख आहे.'"

तो कुठंही अडखळला नाही. इतकं घोटीव वाक्य आयत्या वेळी सुचत नसतं. त्यानं ते किती वर्षं मनात लिहिलं होतं कोण जाणे. मी त्याच्या खांद्यामागून पान पाहत होते. त्याचं बोट फिरत होतं त्या ओळीत मोबाइलवरच्या टोकनचं वर्णन होतं.

मग काका खाकरले.

"इंग्रजीत हाये ना ते?"

"हो काका."

"मंग तू म्हणून राहिला ते त्याच्यात हाये हे आमाले कसं समजावं? पोरगा बापाबद्दल चांगलंच वाचन ना." त्यांनी माझ्याकडं हनुवटी केली. "ह्या पोरीले वाचू द्या. ते कोन्या नात्यातली नाई, गोत्यातली नाई."

सुबोधनं पुस्तक मिटायला घेतलं. इंदिराबाईंनी ते त्याच्या हातातून काढून माझ्या मांडीवर ठेवलं.

"वाच वं बाई."

मला शिकवलं होतं की अहवालात एकही शब्द पुराव्याशिवाय नसावा. मी ते अगदी मनापासून शिकले होते. मी पान उघडलं, बोट ठेवलं, आणि सुबोधचं वाक्य एकही शब्द न गाळता वाचलं. कंपनीला याचे दुःख आहे, इथवर आले. थांबावं की नाही? समोर काका बसले होते, अजून हनुवटी वर करूनच. मी बोट पुढच्या ओळीवर नेलं.

"'श्री. निखाडे हे पूर्णपणे निर्व्यसनी होते. त्यांच्या मृत्यूमुळेच ही रांग कायमची बंद झाली, व त्यामुळे इतर चालकांचे प्राण वाचले.'"

सुबोधनं झटक्यात माझ्याकडं पाहिलं. मी पानावरून नजर हलवली नाही.

"भाऊजी," इंदिराबाई म्हणाल्या, "ऐकलं?"

काकांची हनुवटी खाली आली. "ऐकलं वहिनी."

त्या एवढंच विचारायला इतकी वर्षं थांबल्या होत्या. त्यांनी पुस्तक माझ्याकडून घेतलं, पदरानं पुसलं आणि नवऱ्याच्या तसबिरीपाशी ठेवलं. मग पंगत बसली. त्या स्वतः वाढत फिरल्या, काकांच्या पानात वडे आग्रहानं घातले, आणि शेजारणीला म्हणाल्या, "तुह्या पोरीच्या हळदीले येतो बरं का मी." शेजारीण आत जाऊन डोळे पुसून आली. मला त्या खोट्याचं तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

दुपार कलल्यावर सुबोध मला फाट्यापर्यंत सोडायला आला. आम्ही बाभळीखाली उभे राहिलो.

"निर्व्यसनी," तो म्हणाला. "मले तो शब्द सुचला नाही पाहा. तोच तर पाहिजे होता."

तो पहिल्यांदाच माझ्याशी घरच्या बोलीत बोलला होता. मला धीर आला.

"मी चांगली मुनीम आहे, निखाडे. राहिलेली नोंद बरोबर पकडते."

तो हसला नाही. "माय आता दर वर्षी बाबाच्या तिथीले ते पुस्तक काढन. माणसं बोलवन. वाचा म्हणन."

"मग वाचू की," मी म्हणाले. "दर वर्षी येईन मी. दर वर्षी वाचीन."

याहून उघड मला बोलता येत नव्हतं. त्याला समजलं. त्याचे डोळे भरून आले, आणि मला वाटलं, झालं, आता हा हो म्हणेल.

"म्हणूनच येऊ नको," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"माय ते खरं मानते. तिच्यासंगं बसलो का मीही घडीभर मानीन. पण तू घरात असली, तर तुह्याकडं पाह्यलं का मले दिसन, त्या पानावर काहीच नाई. तुलेही दिसन." त्यानं तळव्यानं डोळे पुसले. "एका घरात दोघाइले माहीत असून कसं चालन, रेवती? एकट्याले माहीत असलं तर निभते."

"मी कधी बोलणार नाही."

"तू बोलणार नाईस, ठाऊक हाये मले. बोलली असती तर भांडून मोकळे झालो असतो."

राजुऱ्याकडं जाणारी एसटी वळणावर दिसली. मी त्याचा हात धरला होता. त्यानं तो सोडवून घेतला नाही, दुसरा हात वर करून बस थांबवली.